मंत्र तुमचा, राख कोणाच्या दारात?

वाचकांचे प्रश्न : टेबलावरचे खेळ

मागच्या अंकात 'डार्क सन'चा नुसता उल्लेख केला होता, तर या वेळी निम्मी पत्रं त्यावरच आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि ही अख्खी जागा त्या जळक्या जगातल्या जादूला देते. ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, सगळ्यांनी मिळून गोष्ट रचत खेळायचा गेम, आणि डार्क सन हे त्यातलं एक जग, टीएसआर कंपनीनं १९९१ साली आणलेलं. जगाचं नाव अथास. एके काळी हिरवं होतं, आता लाल सूर्याखाली वाळवंट आहे, समुद्राच्या जागी धूळ आहे, आणि धातू इतका दुर्मिळ की नाणी भाजलेल्या मातीची आणि शस्त्रं हाडाची नाहीतर दगडाची. हे सगळं जादूमुळे झालंय. तिथला मांत्रिक मंत्राला लागणारी ताकद आजूबाजूच्या झाडाझुडपांच्या जिवातून ओढून घेतो. जो ओरबाडून घेतो तो डिफायलर, त्याच्याभोवती राखेचं वर्तुळ पडतं आणि तिथं कितीतरी वर्षं काही उगवत नाही. झाड जगेल एवढंच घेतो तो प्रिझर्व्हर.

ताई, आमच्या ग्रुपमधला एक जण डिफायलर घेऊन बसलाय आणि दर फाइटला सगळं जाळून टाकतो, जिंकतो पण. दुसरा प्रिझर्व्हर आहे, तो आता वैतागलाय, म्हणतो फायदे सगळे त्याला आणि मला फक्त चांगलं वागल्याचं समाधान. नियमात पण डिफायलरच भारी दिसतो. मग कोणी प्रिझर्व्हर व्हायचंच कशाला?
— कॉलेजचा ग्रुप, रत्नागिरी

तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे आणि नियम मुद्दामच तसे केलेत. १९९१ च्या नियमांत डिफायलरची लेव्हल प्रिझर्व्हरपेक्षा लवकर वाढते, कमी अनुभवात तो पुढे जातो. मोह खरा वाटायला पाहिजे ना, नाहीतर त्या जगाचं वाळवंट झालं कसं हेच पटणार नाही. पण त्याच नियमांत एक तक्ता आहे जो बहुतेक ग्रुप बघतच नाहीत, तो बघा. राखेचं वर्तुळ केवढं पडणार हे मंत्राच्या ताकदीवर असतं तसंच जमिनीवर पण असतं. दाट जंगलात तोच मंत्र मारला तर वर्तुळ लहान, आणि माळरानावर, खुरट्या झुडपांत मारला तर मोठं, कारण तेवढी ताकद गोळा करायला लांबून लांबून ओढावं लागतं. म्हणजे जिथं आधीच कमी आहे तिथलंच जास्त जातं. मला त्या सगळ्या पुस्तकांत हा एक तक्ता सगळ्यात खरा वाटतो.

पुढे २०१० मध्ये चौथ्या आवृत्तीसाठी हे जग परत आलं तेव्हा मांडणी बदलली. डिफायलर हा वेगळा वर्ग राहिला नाही, कुठलाही मांत्रिक मोठा मंत्र टाकताना ऐन वेळी ठरवू शकतो की आता ओरबाडायचं, फासा परत टाकायला मिळतो, पण ती किंमत जवळ उभ्या असलेल्या स्वतःच्याच साथीदारांच्या अंगातून जाते. जमिनीच्या बाबतीत जुना नियम जास्त प्रामाणिक आहे आणि टेबलावर नवा जास्त चालतो, कारण शेजारी बसलेला मित्र लगेच ओरडतो. दोन्ही एकत्र वापरले तरी चालतात.

पण तुमची खरी अडचण नियमांत नाहीये असं मला वाटतं. तुमच्या पत्रात पुढे लिहिलंय की दर सेशनला पार्टी, म्हणजे तुमच्या पात्रांची टोळी, नव्या ठिकाणी जाते. तिथंच सगळं बिघडतं. राख मागे राहते आणि तुम्ही पुढे निघून जाता, मग ती राख कोणाची हे कधी कळतच नाही. चार-पाच सेशन एकाच गावात खेळून बघा. गावाचा नकाशा कागदावर काढा आणि दर वेळी मंत्र पडला की तिथं पेन्सिलीनं वर्तुळ भरा, पण मोकळ्या जागेत नाही, प्रत्येक तुकड्याला आधीच मालक द्या. हा वरच्या वाडीतल्या आजीच्या नाचणीचा तुकडा, ही गुरं चरतात ती जागा, हा पाणवठा. तुमच्या डिफायलरनं फाइट जिंकली आणि आजीचा तुकडा गेला, तर पुढच्या सेशनला पार्टी त्याच आजीकडे जेवण मागायला जाणार आहे. तिनं भांडायची, शिव्या द्यायची काही गरज नाही, तिनं फक्त रिकामी कणगी दाखवावी. पैसे देऊन भागणार नाही हे पण तिथंच कळेल, कारण आजूबाजूच्या गावात विकायला दाणाच नाही.

आणि प्रिझर्व्हरला काय मिळतं, तर माणसं मिळतात. अथासमध्ये सामान्य लोक सगळ्याच मांत्रिकांचा द्वेष करतात, त्यांना डिफायलर-प्रिझर्व्हर असा फरक माहीतच नसतो, झाड वाळलं की जमाव धावून येतो. म्हणून शहराशहरांत प्रिझर्व्हरांची छुपी संघटना असते, व्हेल्ड अलायन्स म्हणतात तिला. मंत्रांच्या वह्यासुद्धा लपवलेल्या असतात, कोणाच्या दोरीच्या गाठींत, कोणाच्या विणकामात. तुमच्या मित्राला असं एखादं घर उघडून द्या जिथं त्याला लपायला जागा, पाणी, बातमी मिळते आणि डिफायलरला दार उघडत नाहीत. हे पहिल्या दिवशी देऊ नका, त्यानं दोन-तीनदा हातात असूनही ओरबाडलं नाही हे कोणीतरी गुपचूप बघितलेलं असू दे, मग द्या.

माझा मुलगा नववीत आहे. मित्रांबरोबर हा गेम खेळतो, सारखं मंत्र, जादू, राख असं बोलत असतो. सासूबाई म्हणतात हे जादूटोण्याचं काहीतरी आहे, बंद करा. मी काय करू?
— एक आई, गुहागर

बंद करू नका. यात खरी पूजा, तोडगे, अंगारे काही नसतं, फासे आणि पाठांतर असतं, आणि भरपूर बेरीज-वजाबाकी. एकदा खेळताना जवळ बसा आणि सासूबाईंनाही बसवा, मुलं जर गावाची गोष्ट रचत असतील तर त्यांना जुन्या पिकांची, पाणवठ्यांची माहिती आजीपेक्षा चांगली कोण देणार. फक्त रात्री किती वाजेपर्यंत खेळायचं ते तुम्ही ठरवा.

आम्हाला हीच जादू वापरून कोकणातलं जग बनवायचंय. पण प्रॉब्लेम असा की आपल्याकडे एवढा पाऊस, एवढं हिरवं, तर मग कठोर जग कसं दाखवणार? वाळवंट आणायचं का?
— दोन भावंडं, राजापूर

वाळवंट कशाला आणायचं, सडा आहे ना, डोंगरावरचं जांभ्या कातळाचं सपाट माळ! तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर येतो किंवा बायका एका हंड्यासाठी झऱ्यावर तासभर बसतात, याच्यापेक्षा कठोर जग कुठल्या कल्पनेत मिळणार. मे महिन्यात भर दुपारी एकदा सड्यावर जाऊन या, डोक्यावर टोपी घालून, आणि मग लिहायला बसा. काळा पडलेला कातळ, पायाखाली पिवळं गवत, सावलीला एखादं करवंदीचं जाळं, बाकी काही नाही. आणि तोच सडा जुलै-ऑगस्टमध्ये बघा, बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, छोट्या डबक्यांत बेडकं. म्हणजे मांत्रिकाला तिथं ओढायला ताकद मिळणार ती वर्षातले तीन-चार महिनेच. हा नियम लगेच घ्या, बाहेरून काही आणायलाच नको.

आता त्यातली खरी गंमत ऐका. जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपत खाली जातं आणि डोंगराच्या पायथ्याशी, जिथं वाडी असते, तिथं झरा होऊन बाहेर पडतं. म्हणजे वर सड्यावर कोणी ओरबाडलं तर वर फक्त थोडं गवत गेल्यासारखं दिसेल, कोणाचं लक्षही जाणार नाही, आणि मार्चमध्ये खालच्या वाडीचा झरा आटेल. करणारा वर, भोगणारा खाली, मध्ये सहा महिने. तुमच्या पहिल्या गोष्टीचं रहस्य हेच ठेवा. वाडीवाले म्हणतात कोणीतरी करणी केली, पार्टी शोधत शोधत सड्यावर पोचते आणि तिथं पावसाळ्यातली राखेची वर्तुळं सापडतात, आणि मग जर ती वर्तुळं पार्टीतल्याच मांत्रिकानं पहिल्या सेशनला पाडलेली असतील तर टेबलावर जी शांतता पसरेल ती मला बघायला आवडेल.

कातळशिल्पं तर तुमच्या दारातच आहेत, बारसू, देवाचे गोठणे सगळं तुमच्याच तालुक्यातलं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या शिल्पांमध्ये हत्ती आहेत, मासे आहेत, आणि गेंड्यासारखे प्राणी पण आहेत, गेंडा तर आज कोकणात कुठंही नाही. दगडावर कोरलेला प्राणी आहे आणि जमिनीवर नाही, एवढं एकच दृश्य खेळाडूंना दाखवलं तरी हे जग पूर्वी वेगळं होतं हे सांगायला लांबलचक इतिहास वाचून दाखवावा लागत नाही. फक्त गेममध्ये त्या शिल्पांवर मंत्रबिंत्र मारून ती फोडायचा सीन ठेवू नका, ही माझी विनंती समजा.

तुमच्या या जगात प्रिझर्व्हर कसा असावा म्हणाल, तर तो राब भाजणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासारखा करा. भाताच्या तरव्यासाठी दाढ भाजतात ते तुम्ही बघितलंच असेल, खाली शेण, वर कवळं म्हणजे झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर गवत-पातेरा आणि शेवटी मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं म्हणजे भडकत नाही, सावकाश धुमसतं. राख इथंही होतेच. पण कवळं तोडताना जाणता माणूस ऐनाचा, किंजळाचा शेंडा ठेवतो, फांद्या घेतो आणि झाड परत फुटतं, त्याच झाडावर त्याच्या बापानं पण कवळं तोडलेली असतात. राबावर पर्यावरणाच्या अंगानं टीका होते आणि त्यात तथ्य आहे, माती जळते, झाडं खुरटतात, म्हणून तुमच्या प्रिझर्व्हरला पण पूर्ण स्वच्छ दाखवू नका. तो घेतोच. किती घेतलं ते त्याला ठाऊक असतं आणि पुढच्या वर्षी तो त्याच झाडाखाली परत येणार असतो.

आमची फॅमिली मासेमारीतली. मला समुद्रावरचा मांत्रिक करायचाय. पाण्यात झाडं नाहीत मग तो ताकद कुठून ओढणार? अथासमध्ये समुद्र आहे का?
— मालवण

आहे, पण धुळीचा, सी ऑफ सिल्ट. पाण्याची जागा इतक्या बारीक धुळीनं घेतलीय की माणूस त्यात बुडतो, राक्षस मात्र उथळ जागी चालत जातात. गाळानं भरत आलेल्या आपल्या खाड्या बघितल्या की ते जग काही फार लांब वाटत नाही.

तुझ्या मांत्रिकासाठी ताकद कांदळवनात आहे. खाडीकाठची ती झाडं, त्यांच्या मुळांत कोळंबीची, माशांची पिल्लं, खेकडे. तिथून ओरबाडलं तर राख दिसायची गरजच नाही, झाडं गेली की भरतीची लाट थेट खारबांधावर, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधावर आपटते, बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं आणि मिठामुळे ते शेत पुढची काही वर्षं भाताला नालायक होतं. राखेच्या जागी मीठ ठेव. मासळी कमी झाली हे तर वर्षभरानंतर जाळं हलकं लागलं की कळेल.

दोन नियम अजून सुचवते. एक, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते तशी तुझ्या जगात समुद्रातून ताकद ओढायला बंदी ठेव, आणि मांत्रिकाला नेमकी त्याच दोन महिन्यांत गरज पडेल असं बघ. दुसरा, रापणीसारखी जादू. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते एकट्यानं ओढता येत नाही, किनाऱ्यावर दोन्ही दोऱ्यांना माणसं लागतात, आणि जो ओढायला आला त्याला वाटा मिळतो. तसा मोठा मंत्र एकट्या मांत्रिकानं टाकायचाच नाही, दहा जणांनी थोडी थोडी ताकद द्यायची, जे मिळेल त्यात दहा वाटे. वेळ लागतो, भांडणं होतात, पण किनारा शाबूत राहतो. आणि गोष्टीतला व्हिलन कोण असणार ते तुला मी सांगायला नको, रात्री पाण्यावर दिव्यांचा झगमगाट करून लहान-मोठं सगळं एकदम उचलणारे तू बघितलेत. त्याला पण कर्ज आहे, पोरं आहेत, हे मात्र गोष्टीत येऊ दे, नाहीतर तो कागदी होईल.

मला राखणदार हे कॅरेक्टर घ्यायचंय. देवराई, कौल, गाऱ्हाणं हे सगळं गेममध्ये आणलं तर चालेल का? घरचे रागावतील अशी भीती वाटते.
— कुडाळ

आणा, पण दोन गोष्टी सांभाळून. अथासमध्ये देव नाहीत. तिथले पुजारी माती, पाणी, आग, हवा या महाभूतांकडून ताकद घेतात, आणि ड्रुइड असतात ते जमिनीच्या एका तुकड्याला बांधलेले असतात, एखादं पाणवठ्याचं झुडूप, एखादी टेकडी, आणि तिथल्या शक्तीच्या वतीनं ते ती जागा सांभाळतात. हे आपल्या राखणदाराच्या किती जवळचं आहे बघा. गावाच्या वेशीवर राखणदार आहे, देवराईतलं पडलेलं लाकूडसुद्धा विचारल्याशिवाय उचलायचं नाही, हे ऐकतच आपण वाढलो. आणि म्हणूनच कितीतरी गावांत आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी तेवढी राई उभी राहिली, तिथल्या झऱ्याला मेमध्ये पाणी असतं.

तर पहिली गोष्ट, गावातल्या खऱ्या देवाचं नाव, खऱ्या देवळाचं नाव घेऊ नका, गाव नवीन रचा आणि देव पण. दुसरी, राखणदाराला मारायचा राक्षस करू नका, त्याला हिट पॉइंट, म्हणजे मार खाऊन संपणारा जीव, देऊच नका. त्याच्याशी लढता येत नाही, त्याला विचारावं लागतं. मांत्रिकाला राईतून ताकद हवी असेल तर गुरवाकडून कौल लावायचा, म्हणजे देवाला विचारायचं, उजवा मिळाला तर घ्यायचं, डावा मिळाला तर नाही, आणि तो फासा सगळ्यांसमोर टाकायचा. माझं मत विचाराल तर डाव्या कौलानंतर पार्टी काय करते हाच खरा खेळ आहे, कारण आत लढाई चाललीय, मित्र जखमी आहे आणि राईत ताकद भरलेली आहे. गाऱ्हाणं घालायचं तर खेळाडूनं स्वतःच्या शब्दांत घालावं, बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणावं, टेबलावर एकदम जिवंतपणा येतो.

अजून एक. अथासमध्ये निबेनाय आणि गुल्ग ही दोन शहरं एकाच जंगलावरून भांडतात. एकाला तिथलं अगाफारी नावाचं टणक लाकूड तोडून विकायचंय, दुसऱ्याचं पोट त्याच जंगलातल्या शिकारीवर आणि फळांवर आहे. तुमच्या राईभोवती असाच वाद ठेवा, एका बाजूला देवळाच्या जीर्णोद्धारासाठी लाकूड तोडू म्हणणारे मानकरी, दुसऱ्या बाजूला राईतल्या झऱ्यावर जगणारी वाडी. दोघंही देवाचंच नाव घेतील.

आमच्या पार्टीनं ठरवलंय की राख झालेली एक टेकडी परत हिरवी करायची. डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो नियमात असं काही नाही. काहीतरी करता येईल का?
— चिपळूण

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं! डीएमला सांगा की नियम नसेल तर बनवू, आणि सोपा बनवू नका, एका मंत्रात टेकडी हिरवी होणार असेल तर मग जाळण्याला काही अर्थच राहत नाही. आधी बघा मुळं शिल्लक आहेत का. आपल्याकडे नुसतं तोडलेलं जंगल आणि जेसीबीनं मुळासकट उपटलेलं जंगल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, ऐनाचा, किंजळाचा खुंट राहिला असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत फुटवे येतात, फक्त वणवा आणि गुरं लांब ठेवावी लागतात. मूळच गेलं असेल तर माती धरण्यापासून सुरुवात, आणि उतारावर ती पावसात वाहून खाली नदीच्या गाळात जाते, हे चिपळूणकरांना मी सांगायची गरज नाही.

म्हणून गेममध्ये टेकडीचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाला फासा टाकून ठरवा, मूळ आहे की नाही. मूळ आहे तिथं एक वर्ष राखण केली की गवत, दुसऱ्या वर्षी करवंद-तोरणासारखी झुडपं, त्यानंतर झाडं. मूळ नाही तिथं आधी दगडी बांध घालायचे, आणि प्रिझर्व्हरला वाटलं तर त्यानं आपली ताकद उलटी जमिनीला द्यावी, पण मग त्या पूर्ण सेशनला त्याच्याकडे एकही मंत्र नसेल. राखणीला कोण थांबणार हे पार्टीनं ठरवायचं. दर वर्षी एका खेळाडूचं कॅरेक्टर टेकडीवर राहील आणि तो खेळाडू त्या काळासाठी दुसरं साधं कॅरेक्टर घेईल, गावातला गुराखी वगैरे. आणि मार्चमध्ये वणव्याचा एक फासा न चुकता टाका, जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी, काढून ठेवला असेल तर दोन अंक जास्त द्या. पहिल्या पावसाळ्यानंतर टेकडीचं काय झालं ते कळवा, नकाशा पण पाठवा, पुढच्या अंकात छापू.